फळ झाडावर असतानाचा भाव

[दृश्य: पहाटेचा कळमना बाजार, संत्र्यांचे ढीग]

नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरू लागतात, त्याच सुमारास, ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम सुरू होतो. यांतली बरीच संत्री काटोल-नरखेडच्या बागांत हिरवी असतानाच विकली गेलेली असतात. व्यापारी बागेत फिरतो, चार-दोन झाडांखाली थांबून फळे अंदाजतो, फळगळ किती होईल, गारपीट झाली तर काय उरेल याचा मनाशी हिशेब करतो, त्यात आपला नफा धरतो आणि मगच साऱ्या बागेचा एक आकडा सांगतो. एनबीएच्या 30 संघांपैकी जूनमध्ये अजिंक्य कोण ठरेल, यावर हंगामाआधी फुटणारा सट्ट्याचा भाव याच जातीचा असतो.

[दृश्य: शिवाजीनगरचे बास्केटबॉल मैदान, सायंकाळ, सिमेंटवर खडूने लिहिलेला 28 हा आकडा]

2014 च्या हंगामापूर्वी गोल्डन स्टेट वॉरियर्सचा भाव एकास 28 होता. म्हणजे संघ जिंकल्यास एका रुपयामागे 28 रुपये नफा. यातून शक्यता काढायची तर 28 मध्ये लावलेला तो एक रुपया मिळवायचा आणि 1 ला 29 ने भागायचे; उत्तर येते सुमारे 3.4 टक्के. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण आकडा वाचायला कोणाचीच हरकत नसावी.

मात्र हे 3.4 टक्केही जसेच्या तसे घेता येत नाहीत. तिसांच्या तीस संघांच्या भावांतून अशीच टक्केवारी काढून बेरीज केली, तर ती 100 वर थांबत नाही. सव्वाशेच्या आसपास गेली तरी नवल नाही. वरचा भाग बुकीने स्वतःसाठी राखलेला असतो. बेरीज 125 धरली, तर वॉरियर्सची शक्यता पावणेतीन टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात हा बोजा दुबळ्या संघांवर अधिक पडतो, कारण थोड्या पैशात मोठे घबाड हाती लागण्याची आशा लोकांना स्वस्तात विकावी लागत नाही. लॉस एंजेलिस लेकर्ससारख्या संघावर तर चाहते प्रेमापोटी पैसे लावतात, त्यामुळे त्यांचा भाव खेळाच्या मानाने आवळलेला दिसतो. त्या आकड्यात संघाच्या ताकदीइतकीच त्याची लोकप्रियताही मोजलेली असते.

स्टीव्ह कर यांचे प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. वॉरियर्सनी 82 पैकी 67 सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत क्लीव्हलँडला 4-2 असे हरवले. म्हणून भाव चुकला होता, असे म्हणण्याची घाई मात्र मला पटत नाही, कारण तीन टक्क्यांची गोष्टही कधीतरी घडतेच आणि एका हंगामावरून भावाची पारख होत नाही. एरवी बास्केटबॉलमध्ये बलाढ्य संघाला धक्का देणे अवघड असते: मैदानावर पाचच खेळाडू, 48 मिनिटांपैकी चाळीसेक मिनिटे खेळणारा एखादा अव्वल खेळाडू आणि बाद फेरीत सात सामन्यांपर्यंत जाणारी मालिका, यांमुळे नशिबाला वाव कमी राहतो.

पण तोच अव्वल खेळाडू जायबंदी झाला की गारपीट झाल्यासारखे होते. 2019 मध्ये सर्वांच्या पसंतीच्या वॉरियर्सनी अंतिम मालिकेत आधी केव्हिन ड्युरंट आणि मग क्ले थॉम्पसन गमावला, आणि अजिंक्यपद टोरंटोला गेले.

[दृश्य: खडूचा आकडा पुसणारा हात]

2021 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिन नेट्सना सर्वाधिक पसंती होती. कोविडची लस न घेतल्यामुळे त्यांच्या कायरी अर्व्हिंगला घरच्या मैदानावर उतरता येत नव्हते, हे हंगामाच्या आरंभीच दिसत होते. जेम्स हार्डन फेब्रुवारीत संघ सोडून फिलाडेल्फियाला जाईल, याचा हिशेब मात्र त्या भावात नव्हता. एप्रिलमध्ये, पहिल्याच फेरीत, बोस्टनने नेट्सना 4-0 असे घरी पाठवले. जूनमध्ये त्याच बोस्टनला हरवून अजिंक्यपद पटकावले ते वॉरियर्सनी.