आधी बोट, मग सल्ला

माईक जरा लांबच राहू द्या, माझा आवाज तसाही पार्किंगपर्यंत जातो. तर मला सांगितलंय की सोसायट्यांमध्ये फुकट बागकाम शिकवायला जे उभे राहणार आहेत त्यांना तयार करा. मी म्हटलं अहो, पहिली दोन वर्षं मी स्वतःच उलटसुलट शिकवत होते!

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल टाकून बसायचे, कुणी आलं की माझी टेप सुरू, हे खत घाला ते औषध मारा. एक आजोबा कढीपत्त्याच्या पिवळ्या पडलेल्या पानांचा फोटो घेऊन आले, मी लगेच म्हटलं आंबट ताक घाला, आयर्न कमी पडतंय. त्यांनी बिचाऱ्यांनी आठवडाभर रोज ओतलं आणि रोप गेलं. नंतर कुंडी उपडी केली तर खालचं भोक बुजलेलं, मुळं कुजून काळी, आधीच पाणी तुंबलेलं त्यात माझं ताक. तेव्हापासून फोटो बंद, कुंडी आणायची, आणि तोंड उघडायच्या आधी मातीत दोन पेरं बोट घालायचं. ओलं लागलं तर पाणी नाही. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक झाडं पाण्यानेच मेलेली असतात, तहानेने नाही.

दुसरं, नर्सरीतली नुसती लाल माती. चार महिन्यांत वीट होते तिची. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तिन्ही सारख्याच मापाने मिसळा, ते पण लोकांच्या हाताने मिसळून घ्या, सांगून कुणी करत नाही. जास्वंदीवर पांढरी कीड असेल तर आधी पाण्याचा जोरात फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम ऑइल आणि साबणाचे थेंब, उन्हं उतरल्यावर मारायचं.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर माहिती असतील, गणित शिकवणारा माणूस, त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. त्यात शेतकरीच प्रयोग करणार आणि शेतकरीच एकमेकांना सांगणार, द्राक्षवाल्यांनी त्यातून काय काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातलं एवढंच जमलं की 'असं करा' म्हणण्याऐवजी 'माझ्याकडे असं झालं' म्हणायचं, आणि माहीत नसेल तर सरळ नाही माहीत म्हणायचं, पहिल्यांदा जड जातं हो ते, इतकी माणसं आशेने बघत असतात!

आणि टेबलाच्या पलीकडे कोण उभं आहे ते बघा. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी रोज कोपऱ्यात पाला जाळायच्या, मी त्यांना पाल्याचं खत कसं करायचं ते सांगायला गेले, तर त्यांनीच मला घोसाळ्याचा वेल मांडवावर कसा चढवायचा ते दाखवलं, त्यांचं सगळं आयुष्य रानात गेलेलं. आता रविवारी त्या खुर्चीवर असतात आणि मी नोंदवही लिहिते.

दाराशी त्यांच्या गावच्या अंबाडीच्या बियांच्या पुड्या ठेवल्यात. घरटी एकच घ्या. नाही उगवलं तर कुंडी घेऊन या, मावशी बघतील.