अर्ध्या तिकिटाच्या पुढे

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या या बाईने रुमालाच्या गाठीतली चिल्लर सोडवून मुठीत धरली आहे. समोर थांबलेल्या रिक्षात मागे तीन सवाऱ्या आहेत, रिकामी आहे ती फक्त ड्रायव्हरच्या बाजूची अर्धी जागा. ती मानेनेच नकार देते आणि पुढच्या रिक्षाची वाट पाहत राहते. उशिराबद्दलची बोलणी मात्र तिलाच खावी लागतील.

17 मार्च 2023 पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना निम्मे भाडे आहे. दवाखाना असो, बाजार असो की माहेर, बाहेर पडण्याआधी पैशांसाठी घरात तोंड वेंगाडण्याची वेळ त्यामुळे कमी झाली. मात्र ही सवलत शहरी वाहतुकीला लागू नाही. पैठणहून सुमारे पन्नास किलोमीटर अर्ध्या तिकिटात आलेली बाई छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर पडते, घाटी रुग्णालयापर्यंतच्या जेमतेम दोनेक किलोमीटरसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करते, आणि वाचलेल्या पैशांतला बराचसा भाग तिथेच संपतो.

शहरात राहणाऱ्या गरीब बाईचे गणित याहून अवघड आहे. वाळूजच्या कारखान्यात जाणारा पुरुष सकाळी एकदा जातो आणि पाळी संपली की एकदा परततो. ही बाई सिडकोत दोन-तीन घरची धुणीभांडी करते, मधल्या वेळेत लेकराला अंगणवाडीतून घरी आणते, रेशन दुकानाच्या रांगेत उभी राहते आणि दुपारनंतर पुन्हा कामावर जाते. अंतरे लहान असली तरी दर वेळी वाहनात चढले की पहिल्या टप्प्याचे भाडे नव्याने द्यावे लागते. म्हणून ती चालते, आणि त्या चालण्यात गेलेला वेळ कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेली शहर बस मोठ्या रस्त्याने जाते, तिचे घर आणि तिची कामे आतल्या गल्ल्यांत आहेत.

नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून तिथल्या महिलांना शहरातल्या साध्या बसमध्येही तिकीट पडत नाही. अर्थात, तासभर बसच आली नाही तर फुकट तिकिटाचा उपयोग तरी काय?

दिवेलागणीला ती पायीच परतते. सकाळच्या चिल्लरीतली दोन नाणी उरली आहेत. रुमालाच्या टोकाला ती पुन्हा गाठ मारते.