बर्फातली पंगत

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं गाव आहे. हिवाळ्यात या गावाच्या वेशीवर हजारो एल्क हरणं उतरतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थंड मुलखातला भाऊबंद, तसाच थोराड. उन्हाळा डोंगरात काढायचा आणि बर्फ पडला की खोऱ्यात उतरायचं, ही त्यांची जुनी वहिवाट. पण खोऱ्यात माणसांची कुरणं आणि कुंपणं आली. मग कडक हिवाळ्यांत कळपच्या कळप उपाशी मेले. १९१२ साली तिथं राखीव क्षेत्र झालं. चारा तेव्हापासून घालतात. आता लसूणघासाच्या गोळ्या असतात.

गोठ्यात प्रत्येक गुराची जागा दावणीनं ठरते. इथं दावण नाही, तरी जागा ठरलेल्या असतात. वरचढ मादी नुसती हनुवटी उचलून, कान मागे पाडून चालत आली की दुसरी बाजूला होते. नाहीच झाली, तर दोघी मागच्या पायांवर उभ्या राहतात आणि पुढच्या खुरांनी एकमेकींना हाणतात. नराला शिंगांचा धाक पुरतो, झुंजावं क्वचितच लागतं. पण मार्चच्या सुमारास शिंगं गळायला लागतात, आणि ती बहुधा मोठ्या नरांचीच आधी गळतात! कालपर्यंत ज्याला सगळे वाट देत होते, त्याला आज कोवळ्या शिंगांचा पोरगेला नरही हटकतो.

या सगळ्यात माझं लक्ष जातं ते पाडसांकडे. पहिला हिवाळा, अंगावर चरबी कमी, आणि रेटारेटीत शेवटचा नंबर त्यांचाच. चारा एकाच ढिगात पडला तर दोन-चार दांडगे तो अडवून बसतात. म्हणून तो पंगतीसारखा लांबच लांब ओळींत वाढतात. एका जागेवरून हुसकलेल्याला थोडं पुढं जाऊन तोंड घालता येतं. म्हणजे भांडण किती होणार, हे हरणांच्या स्वभावाइतकंच वाढणाऱ्याच्या हातात असतं.

पण पंगत कितीही लांब केली, तरी गर्दी ती गर्दीच. हरणांच्या मेंदूची चाळण करणारा एक रोग लाळेतून, मुतातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्यावर औषध नाही. २०२० साली शेजारच्या ग्रँड टेटॉन उद्यानातल्या एका एल्कमध्ये तो सापडला. त्याच्या आदल्याच वर्षी चारा हळूहळू कमी करण्याचा आराखडा झाला होता. मला तो पटतो, पण सोपा मुळीच वाटत नाही. डोंगरउतारावरचं बर्फ उकरून गवत काढण्याची सवय कळपांना पुन्हा लावायची आहे, आणि तिथंही कमजोरानं उकरलेल्या खड्ड्यावर दांडगाच येऊन उभा राहतो. कुंपणांपलीकडची जुनी चराऊ जमीन मोकळी झाल्याशिवाय ती पाडसं हिवाळा काढणार कुठं?

नमस्कार.