तराजू आणि आठ डबे

ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आयटी कंपन्यांपासून जवळच असलेल्या या वर्गात आज संगणकाचा तास आहे. पण बाकांवर आहेत ते दोन पारड्यांचे साधे तराजू आणि झाकणे चिकटपट्टीने बंद केलेले, बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे आठ-आठ डबे. प्रत्येक डब्यात वाळू कमी-जास्त भरली आहे. डबे वजनाच्या क्रमाने लावायचे आहेत, मात्र हातात धरून अंदाज घ्यायला बाईंची मनाई आहे.

सारा धडा या मनाईतच आहे. डबे पारदर्शक असते, तर मुलांनी बघताक्षणी क्रम सांगितला असता आणि शिकण्यासारखे काही उरलेच नसते. तुलना करून क्रम लावणारा संगणक एका वेळी दोनच मूल्ये ताडून पाहतो; तराजू नेमके तेच बंधन मुलांवर घालतो. म्हणूनच शिकवण्यासाठी वस्तू निवडताना ती किती आकर्षक आहे यापेक्षा यंत्राची अडचण ती मुलांना किती प्रामाणिकपणे अनुभवू देते, हे पाहायला हवे. १, २, ४, ८ आणि १६ ठिपक्यांची पाच कार्डे या कसोटीला उतरतात: संगणकाच्या १ आणि ० प्रमाणे कार्ड एकतर उघडे असते किंवा पालथे, आणि उघड्या कार्डांवरच्या ठिपक्यांची बेरीज करून तेवढ्यावर ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते.

पहिला गट सर्वांत जड डबा शोधून बाजूला ठेवतो आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करतो. सात, मग सहा, मग पाच, अशी एकूण २८ वेळा तोलणी होते. दुसरा गट आधी जोड्या लावतो, जोड्यांच्या चार-चारच्या ओळी करतो आणि शेवटी दोन्ही ओळी एकत्र करताना फक्त त्यांच्या तोंडाशी असलेले डबे तोलतो. एक ओळ संपताच एक मुलगी दुसरीतले उरलेले डबे न तोलताच मागे सरकवते, कारण त्यांचा क्रम आधीच लागलेला आहे. या रीतीने १७ पेक्षा जास्त वेळा तोलावे लागत नाही.

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल यांनी १९९० च्या दशकात सहकाऱ्यांसह संगणकाविना शिकवण्याच्या ज्या कृती रचल्या, त्यांत तराजूची ही कृतीही आहे.

आता बाई फळ्यावर १००० डबे मांडतात. पहिल्या रीतीने ४,९९,५०० तोलण्या, दुसरीने नऊ हजारांहूनही कमी. एवढे डबे तराजूवर तोलणे कोणालाच शक्य नाही, तेव्हा पुढच्या तासाला याच दोन रीतींचे प्रोग्रॅम मुले स्वतः लिहिणार आहेत.