तीन हेझलनट आणि न फुटलेला अक्रोड

नमस्कार मंडळी. आज रेडिओवर एका पिक्चरबद्दल बोलायचंय. म्हणजे कागदावर तसं लिहिलंय, पण खरं सांगू का, पिक्चरच्या निमित्ताने मला माझी एक गोष्ट सांगायचीय, जी मी आजवर निदान शंभर वेळा सांगितली असेल, आमच्या घरात तर मी नुसता 'अक्रोड' शब्द काढला की माणसं उठून आत जातात. तुम्ही बसा. तुम्ही उठून गेलात तरी मला इथे कळणार नाहीये, हा भाग वेगळा.

तर पिक्चर. सिंड्रेलाची गोष्ट तुम्हाला येते, ती मी सांगत नाही. सावत्र आई, राख, राजवाड्यातला नाच, बूट. झालं. या गोष्टीवर पिक्चर किती निघाले त्याला गणतीच नाही, पण माझा लाडका आहे 1973 सालचा, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी या दोन देशांनी मिळून काढलेला. नावाचा अर्थ, सिंड्रेलासाठी तीन हेझलनट, म्हणजे अक्रोडासारखंच कडक कवचाचं, पण छोटं फळ. तीन. लक्षात ठेवा, तीन, पुढे लागणारेत.

कार्टून नाही हं. खरी माणसं, खरे घोडे, खरा राजवाडा. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ मोरित्झबुर्ग म्हणून किल्ला आहे, पाण्यात उभा असलेला, तोच राजपुत्राचा राजवाडा, आणि ज्या जिन्यावर तिचा बूट निघतो त्याच पायऱ्यांवर आता ब्राँझचा बूट बसवलाय, लोक बघायला जातात. बर्फही खराच, म्हणजे बऱ्यापैकी खरा. डायरेक्टर व्हाक्लाव्ह व्होर्लिचेक, त्याच्या डोक्यात उन्हाळ्यातला पिक्चर होता, पण जर्मन स्टुडिओ म्हणाला आमची माणसं हिवाळ्यात रिकामी असतात, तेव्हा हिवाळ्यात काढा. काढला. आणि किल्ल्यापाशी नेमका बर्फ कमी पडला, मग काय पसरलं माहितेय? माशांची पावडर. मासळी वाळवून केलेलं पीठ. पडद्यावर पांढरं शुभ्र, आणि तिथे उभं राहवेना इतका वास. मला हे फार आवडतं. हल्ली कॉम्प्युटरवर बर्फ पाडतात, त्याला वास नसतो, आणि मला तर वाटतं अ‍ॅक्टरच्या चेहऱ्यावरूनसुद्धा कळतं की याला थंडी वाजत नाहीये. बोलणारे प्राणी तर विचारूच नका, इतके हुबेहूब करतात की सिंह बोलतोय का जांभई देतोय ते समजत नाही. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर एकदा पूर्ण अर्धा तास मागून घेणार आहे.

तर या पिक्चरमध्ये परी नाही. भोपळा नाही, उंदीर नाहीत, रात्री बाराचा टोलाही नाही. नोकर विन्सेक गाडी घेऊन बाहेर निघतो, त्याला ही पोरगी म्हणते वाटेत जे पहिल्यांदा तुमच्या नाकावर आपटेल ते माझ्यासाठी आणा. आणि राजपुत्र बाण मारतो, तर फांदीवरून तीन हेझलनट पडतात. तीन. एकातून शिकाऱ्याचे कपडे, दुसऱ्यातून नाचाचा झगा, आणि तिसऱ्यातलं... तिसऱ्याकडे येतो मी. ही सिंड्रेला घोडा दौडवते, नेम धरून बाण मारते, राजपुत्राला बर्फाचा गोळा हाणते, आणि नाचताना त्याला कोडं घालते, की गालाला राख आहे पण धुराडं साफ करणारा नाही, टोपीला पीस आणि खांद्याला धनुष्य आहे पण शिकारी नाही, चंदेरी झगा आहे पण राजकन्या नाही, सांग कोण. सांगता येत नाही त्याला. बूट त्यानंतरचा. म्हणजे ही बाई आधी अक्कल तपासते आणि मग पायाचं माप घेऊ देते.

काम केलंय लिबुशे शाफ्रांकोव्हाने, शूटिंगच्या वेळी एकोणीस वर्षांची होती. 2021 साली गेली. राजपुत्र झालाय पावेल त्राव्हनिचेक, आणि आता जरा कान द्या, कारण इथून आवाजाची गोष्ट सुरू होते. त्या राजपुत्राचा आवाज त्याचा नाहीये! तो मोराव्हियाकडचा, म्हणजे चेक देशाच्या पूर्वेकडच्या भागातला, बोलण्यात तिकडचा हेल, राजपुत्र असा बोलून कसं चालेल म्हणून चेक पिक्चरमध्ये दुसऱ्याच नटाने त्याचं डबिंग केलं. बरं, जर्मन नट जर्मन बोलायचे, चेक नट चेक बोलायचे, समोरासमोर उभं राहून, आणि मग प्रत्येक देशात उरलेल्यांना डब करायचे. तोंड एकाचं आणि आवाज भलत्याचाच. आणि लेखकाचं तर नावच नाही पडद्यावर. फ्रांतिशेक पाव्हलिचेकवर 1968 नंतर तिथल्या सरकारने बंदी घातलेली, म्हणून नाव लागलं एका बाईंचं.

पण कहर केला नॉर्वेने. तिकडे हा पिक्चर दर ख्रिसमसच्या आदल्या दिवशी टीव्हीवर लागतो, घरोघर बघतात. आणि नॉर्वेच्या भाषेत आवाज किती जणांचे? एकाचा. एकट्याचा! क्नुट रिसान नावाचा नट, तोच राजा, तोच राजपुत्र, तोच सावत्र आई, तोच सिंड्रेला, सगळे एकच माणूस, आणि खाली मूळ चेक बोलणं बारीक आवाजात चालूच. एकोणीस वर्षांची पोरगी तोंड उघडते आणि बाप्याचा आवाज येतो. लोकांना तोच हवा असतो. एकच आवाज.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच, की अरे, हे मी केलंय!

हं. आता माझी गोष्ट.

मी तेव्हा रेडिओवर नवा होतो, मुलांच्या कार्यक्रमात लागेल ते काम करायचो, खुर्च्या लावण्यापासून. रविवारी सकाळी पंधरा मिनिटांची नाटिका असायची, लाइव्ह, रेकॉर्डिंग वगैरे लाड नव्हते. त्या रविवारी सिंड्रेला होती, बोहेमियाच्या, म्हणजे चेक मुलखातल्याच, लोककथेवरून कुणीतरी लिहिलेली, म्हणजे परी नाही, तीन नट. हेझलनट कुठून आणणार, म्हणून स्क्रिप्टमध्येच अक्रोड केलेले. चार कलाकार येणार होते. बाहेर पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं, आणि चौघेही एकाच गाडीतून निघालेले, आणि ती गाडी बंद पडली. चारही आवाज एका गाडीत! तेव्हापासून माझं मत आहे की कलाकारांनी वेगवेगळं यावं, लग्नालासुद्धा.

काचेपलीकडे आमच्या टेक्निशियन मॅडम. त्यांनी घड्याळ दाखवलं, मग माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्क्रिप्टकडे. मी मानेने नाही म्हणालो. त्यांनी फेडर, म्हणजे आवाज सोडायची सरकपट्टी, वर घेतला. लाल दिवा लागला.

आता मला त्या दिवशी सर्दी. भरगच्च. तेव्हा सावत्र आई सर्दीची, राजा सर्दीचा, राजपुत्र सर्दीचा, अख्ख्या राज्याचं नाक चोंदलेलं. सिंड्रेलासाठी मी जरा वरचा सूर लावला तर तो फाटला, म्हणून तिला हळू बोलायला लावलं, बिचारी पोरगी आहे, हळूच बोलणार. घुबडाचं काम तेवढं उत्तम झालं, घुबडाला सर्दी शोभते. टापांचा आवाजही मीच काढत होतो, नारळाच्या दोन करवंट्या टेबलावर, आणि दोन्ही हातांत करवंट्या धरल्यावर स्क्रिप्टचं पान उलटायला हात उरत नाही हे मला त्याच दिवशी समजलं, त्यामुळे घोडा दर पानाला थांबत होता.

पहिला अक्रोड. मायक्रोफोनजवळ धरून अडकित्त्यात दाबला, कट, फुटला. सुरेख आवाज. शिकाऱ्याचे कपडे! दुसरा अक्रोड, कट, फुटला. नाचाचा झगा! मॅडमनी काचेतून अंगठा दाखवला. मी जरा हवेत गेलो.

तिसरा अक्रोड. दाबला. नाही फुटला. पुन्हा दाबला. नाही. मी सिंड्रेलाच्या आवाजात म्हणतोय "उघड ना रे अक्रोडा", आणि अडकित्ता सटकतोय, घामाने हात ओला. मग टेबलावर पेपरवेट होता, काचेचा, वजनदार. उचलला आणि हाणला.

अक्रोड फुटला नाही, उडाला. थेट समोरच्या काचेवर, ठण्ण! मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. तिथून खाली, आणि मग तो घरंगळायला लागला, लाकडी जमीन, आणि मायक्रोफोन इतका गुणी की सगळं टिपतोय. गर्रर्र. लांबच लांब. थांबेचना. इकडे लाइव्ह आहे, काहीतरी बोलायला हवं, आणि माझ्या तोंडातून सावत्र आईच्या आवाजात आपोआप बाहेर पडलं: "काय पाडलंस गं, भवाने!"

स्क्रिप्टमध्ये सावत्र आई त्या सीनमध्ये नव्हतीच. पण आली आता, आली. मग सिंड्रेला म्हणाली "काही नाही आई", आई म्हणाली "काही नाही कसं, मी ऐकलं की", आणि या दोघींचं जे सुरू झालं ते दोन मिनिटं चाललं, मीच ओरडतोय, मीच रडतोय, आणि हे सगळं टेबलाखाली ओणवा होऊन, मायक्रोफोनची मान खाली ओढून, एका हाताने अक्रोड चाचपत. काचेपलीकडे मॅडमचं बोट गोल गोल फिरायला लागलेलं. म्हणजे आवरा. बातम्यांना दीड मिनिट.

दीड मिनिटात मी बूट घालून, ओळख पटवून, लग्न लावून, सावत्र आईला माफ करून टाकलं. तिला माफ करणं स्क्रिप्टमध्ये नव्हतं, पण एवढं भांडल्यावर मलाच तिची दया आली. दोन करवंट्या वाजवल्या, घोडा गेला, बातम्या.

पुढच्या आठवड्यात कार्यक्रमाच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. पेन्सिलने, अक्षर असं मोठं मोठं, ओळ कडेला जाऊन खाली वळलेली. सर्दीबद्दल एक शब्द नाही. एकच आवाज होता, त्याबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं होतं आता बोलणी खावी लागणार. फक्त विचारलं होतं, तिसऱ्या अक्रोडात काय होतं? तो सापडला का?

मी उत्तर पाठवलंच नाही. आज पाठवू, उद्या पाठवू. दुसरं कारण म्हणजे मला उत्तर पाठ नव्हतं, स्क्रिप्टचं ते पान त्या झटापटीत कुठे गेलं देव जाणे, आणि स्क्रिप्टच्या दोन प्रती ठेवा, दोन प्रती ठेवा म्हणून मी तेव्हापासून ओरडतोय, कुणी ठेवत नाही.

मग कितीतरी वर्षांनी हा पिक्चर पाहिला. शेवटी ती पांढऱ्याशुभ्र पोशाखात पांढऱ्या घोड्यावर बसते आणि दोघं बर्फाच्या मोकळ्या रानातून घोडे सोडतात, कॅमेरा लांब, कुणी काही बोलत नाही, चेक पिक्चरमध्ये तिथे कारेल गॉट या चेक गायकाचं गाणं, जर्मनमध्ये नुसतं संगीत. मला नुसतं संगीतवालं आवडतं. सगळीकडे शब्द कशाला कोंबायचे, आणि हे मी रेडिओवर बसून सांगतोय.

बरं, वेळ संपत आलीय, काचेतून बोट फिरायला लागलंय, मॅडम वेगळ्या आहेत पण बोट तेच. तेव्हा ज्या कुणी ते कार्ड पाठवलं होतं, आता तुम्ही चांगल्या मोठ्या झाला असाल, आणि ऐकत असलात तर: तिसऱ्यात लग्नाचा पोशाख होता. आणि हो, अक्रोड सापडला, रेडिएटरच्या मागे, दोन दिवसांनी. फुटला नाही तो अजून.

येतो मंडळी. नमस्कार.