विचारायला कोणीतरी असावं

(दृश्य: पहाट. जळगावहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग, गिरणेवरचा पूल. कॉलेजच्या पोरांनी भरलेली एसटी.)

ही एसटी रोज एका विचित्र जागेवरून जाते. गिरणेकाठच्या टेकड्यांवर विद्यापीठ आहे. १९९० साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं. २०१८ पासून ते आसोद्याच्या, कधीही शाळेत न गेलेल्या बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जातं. आणि त्याच परिसरात, बांभोरीला, पाइप आणि ठिबकच्या नळ्या बनवणारा, जगभर माल पाठवणारा कारखाना आहे. खिडकीशी बसलेला पोरगा दोन्ही पाहतो. त्याच्या मांडीवर मात्र स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडलेलं असतं.

त्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे पंगतीत बसलं की पहिला प्रश्न येतो, "तुमना पोऱ्या काय करस?" त्याला एका शब्दात देता येईल असं उत्तर घरच्यांना हवं असतं. तलाठी. शिक्षक. फौजदार. "स्वतःचं काहीतरी करतोय" हे उत्तर पंगतीत टिकत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे काय करतो?"

तरीही काही पोरंपोरी स्वतःचं काहीतरी करतातच. ती कशामुळे करू धजतात, आणि त्यांच्यातली काही टिकतात ती कशामुळे, हे शोधत आम्ही कॅमेरा घेऊन काही महिने खानदेशात फिरलो.

(दृश्य: वाकोड, तालुका जामनेर. गावातली गल्ली.)

सुरुवात वाकोडपासून करावी लागते. बांभोरीचा तो पाइप आणि ठिबकचा कारखाना ज्यांनी उभारला, ते भवरलाल जैन १९३७ साली या गावात जन्मले. कायद्याची पदवी हातात पडली तेव्हा त्यांच्यापुढे सरकारी अधिकारी होण्याची वाट खुली होती. त्यांनी ती सोडली आणि १९६३ मध्ये, घरच्यांनी साठवलेल्या ७ हजार रुपयांवर रॉकेलचा व्यवसाय सुरू केला. हातगाडीवरून.

खानदेशातल्या प्रत्येक कॉलेजात ही गोष्ट सांगितली जाते, पण सांगणारे बहुतेकदा हातगाडीवरून थेट कारखान्यावर उडी मारतात. मधली पंधरा वर्षं गाळली जातात. रॉकेलनंतर शेतीला लागणाऱ्या वस्तूंचा व्यापार आला. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या पावडरीचा एक कारखाना विकत घेतला आणि तिथे केळीऐवजी पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम शुद्ध करायला सुरुवात केली. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले. ठिबक सिंचनाची कंपनी १९८६ ची. म्हणजे ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, ते उभं राहत होतं तेव्हा हा माणूस पन्नाशीला टेकला होता.

मला हे वय महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत सर्वात झपाट्याने वाढलेल्या नव्या कंपन्यांचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय ४५ निघालं. बाविसाव्या वर्षी पहिला धंदा बसला म्हणून जो बाप पोराला "झालं तुझं" म्हणतो, त्याच्यापर्यंत हा आकडा कोणीतरी पोचवायला हवा.

(दृश्य: अमळनेर. बाजारपेठ.)

अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. पुढे ती विप्रो झाली. १९६६ मध्ये ती काढणारे वडील अचानक गेले आणि अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परत आले. वय २१. इथे लोक म्हणतील, त्यांचं काय, घरचाच कारखाना होता. बरोबर आहे. स्वीडनमध्ये दत्तक मुलांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापला गेला. आई किंवा वडील उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आणि या वाढीत रक्तापेक्षा, जन्मानंतर ज्या घरात मूल वाढलं त्या घराचा वाटा दुप्पट होता.

घरात नेमकं काय मिळतं? पैसा मिळतोच. पण जेवताना कानावर पडणारं बोलणंही मिळतं. कोणाची उधारी थकली, माल कुठे परत आला, कोणत्या व्यापाऱ्याला पहिल्यांदा जास्त माल द्यायचा नाही. जळगावच्या सराफाच्या किंवा डाळमिल चालवणाऱ्याच्या मुलाला हे दहाव्या वर्षापासून ऐकू येतं.

मग रावेर-यावलच्या केळी उत्पादकाच्या मुलाचं काय?

(दृश्य: केळीची बाग. वाऱ्याने आडवी झालेली खोडं.)

धोका काय असतो हे या मुलाला शिकवायची गरज नाही. मे-जूनच्या वादळात घडासकट बाग झोपलेली त्याने पाहिली आहे. वर्षभराची गुंतवणूक, मजुरी, पाणी, खत हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. एक गोष्ट मात्र त्याने घरात कधी पाहिलेली नाही: आपल्या मालाचा भाव आपण सांगायचा. सकाळी उठून बाप विचारतो, "आज भाव काय निघाला?" भाव विचारायचा असतो, सांगायचा नसतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. धंद्याच्या पहिल्या दिवशी गिऱ्हाईक विचारतं, "कसं दिलं?" आणि पोरगा गप्प होतो. पदवीच्या तीन वर्षांत हा एक संकोच जरी गेला, तरी कॉलेजने मोठं काम केलं असं मी म्हणेन.

(दृश्य: फक्त दोन हात. कच्ची केळी सोलत आहेत. बोटांवर काळे डाग.)

हे हात रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे आहेत. फैजपूरच्या बाजूला राहते. चेहरा दाखवू नका म्हणाली. घरात स्थळं पाहणं सुरू आहे, आणि वेफर्स विकते हे दिसलं तर लोक म्हणतील, नोकरी लागली नाही वाटतं. आम्ही तिचं ऐकलं. बोटांवरचे डाग केळीच्या चिकाचे आहेत. सोलण्याआधी हाताला तेल लावलं तरी थोडे पडतातच.

निर्यातीसाठी माल भरताना आखूड, डाग पडलेली फणी बाजूला काढतात. ती तिला स्वस्तात मिळते. साधारण चार किलो कच्च्या केळीचे एक किलो वेफर्स होतात. पहिला घाणा तिने घरच्याच कढईत काढला, पिशव्या भरल्या, वसतिगृहातल्या मैत्रिणींना विकल्या. सगळ्या संपल्या. दुसऱ्या वेळी तीस पिशव्या गेल्या आणि चौथ्या दिवसापासून तक्रारी आल्या. वेफर्स मऊ पडले होते. काहींना खवट वास येत होता.

तेल खवट का होतं, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुणही मिळाले होते. पण ते उत्तर आणि ही पिशवी यांचा संबंध तिच्या डोक्यात जुळला नव्हता. तो जुळवून दिला सावद्याच्या रस्त्यावर वेफर्स तळणाऱ्या एका काकांनी. ती त्यांच्या गाड्यावर जाऊन उभी राहिली आणि सरळ विचारलं. काका आधी हसले. मग म्हणाले, "गरम गरम भरते ना? वाफ धरते आत. आधी गार होऊ दे, माय." मग जाड पिशवी कुठे मिळते ते सांगितलं, एकच तेल किती वेळा तापवायचं तेही सांगितलं. वीस मिनिटं लागली असतील.

त्या वीस मिनिटांनी धंदा वाचला. तिला त्या आधी कोणी प्रोत्साहन दिलं नव्हतं असं नाही. कॉलेजात व्याख्यान झालं होतं, टाळ्या वाजल्या होत्या, मोठी स्वप्नं पाहा असं सांगितलं गेलं होतं. पण पिशवीत वाफ धरते हे व्याख्यानात कोणी सांगत नाही.

(दृश्य: कळण्याची भाकरी थापणारे हात. चूल.)

इथे मला स्वतःचं थोडं सांगायचं आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी कळण्याचं पीठ पुण्याला पाठवायचं ठरवलं. ज्वारी आणि उडीद, आपल्याकडचं रोजचं. पुण्यात खानदेशी पोरं खोल्या करून राहतात, त्यांना ते मिळत नाही, हा आमचा हिशेब चुकीचा नव्हता. एका दुकानदाराने माल ठेवून घेतला. पावसाळा लागला आणि पिठात किडे झाले. पिठाच्या पिशव्या परत आल्या, पैसे आले नाहीत. तिघांचे मिळून नऊ हजार रुपये गेले.

ते पैसे आम्ही वर्षभरात कुठूनही भरून काढले असते. थांबलो ते वेगळ्या कारणाने. धान्य कितपत वाळवायचं, पावसाळ्यात किती दिवसांचा माल भरायचा, दुकानदाराकडे माल ठेवताना काय लिहून घ्यायचं, हे विचारावं असा माणूस आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीत नव्हता. आमचे तिघांचेही वडील शेतकरी. प्राध्यापक प्रेमळ होते, पण त्यांनी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं. आम्ही एकमेकांनाच विचारत राहिलो, आणि आम्हा तिघांनाही सारखंच काही माहीत नव्हतं. आज या गोष्टीचं दुःख होतं ते त्या नऊ हजारांचं नाही.

(दृश्य: रिकामा वर्ग, बाकांवर दुपारचं ऊन.)

वर्गात उद्योजकता शिकवून काय होतं, याचे अभ्यास झाले आहेत आणि ते वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांना वर्षभर छोटी कंपनी चालवायला देणारा कार्यक्रम होता. २०१० मध्ये निष्कर्ष छापले गेले. कौशल्यात लक्षणीय फरक पडला नाही, आणि उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झाली. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचा एक अभ्यास २०१३ चा आहे. तिथे कोण कोणत्या तुकडीत जाईल हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं. ज्या तुकड्यांत पूर्वी स्वतःचा धंदा करून आलेले विद्यार्थी जास्त होते, तिथल्या बाकीच्यांपैकी कमी जणांनी पुढे कंपनी काढली. पण जी संख्या घटली ती बुडणाऱ्या कंपन्यांची. यशस्वी होणाऱ्यांची घटली नाही.

म्हणजे शेजारच्या बाकावर एकदा हात पोळलेला माणूस बसला, की तो तुमची कल्पना ऐकून विचारतो, "उधारी किती दिवसांची?" आणि कच्ची कल्पना तिथेच गळून पडते. पक्की असेल ती टिकते. यालाही मी प्रोत्साहनच म्हणतो. बुडणाऱ्या धंद्यापासून वाचलेल्या पोराकडे पुढच्या वेळेसाठी पैसे उरतात, हिंमत उरते, आणि घरच्यांचा विश्वासही उरतो.

(दृश्य: विद्यापीठातलं इन्क्युबेशन केंद्र, मग एका ग्रामीण कॉलेजचा व्हरांडा.)

सोयी आज आमच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. विद्यापीठात इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या धंद्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र आहे. छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. ती करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगाला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तिचं वर्षाचं शुल्क १०० रुपये. छोट्या धंद्यांसाठीचं मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे, त्यातल्या सर्वात लहान शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राची योजना आली, तिच्यात प्रकल्पाच्या पात्र खर्चाला ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, जास्तीत जास्त १० लाख. केंद्राच्या २०१९ च्या विद्यार्थी-स्टार्टअप धोरणानुसार कॉलेज अशा विद्यार्थ्याला हजेरीत सवलत देऊ शकतं, एखादं सत्र किंवा वर्ष थांबून परत येऊ देऊ शकतं. ही शेवटची गोष्ट किती प्राचार्यांच्या टेबलावर पोचली आहे, हे तुमच्या कॉलेजात जाऊन विचारा.

कर्जाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. पहिल्या वर्षी ते घेऊ नये. गेले तर घरात चूल पेटायची थांबणार नाही, एवढेच पैसे लावावेत. वेफर्सवाल्या मुलीने पहिल्या घाण्याला कमवा आणि शिका योजनेत मिळालेले पैसे वापरले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावून मिळालेले. ते बुडाले असते तर वाईट वाटलं असतं, बापाला शेत गहाण ठेवावं लागलं नसतं.

आणि सावद्याच्या त्या काकांना कॉलेजात बोलवावं. हार घालून, नारळ देऊन व्यासपीठावर बसवायला नको. महिन्यातून एका दुपारी व्हरांड्यात एक टेबल मांडावं. एक दिवस वेफर्सवाले काका, एक दिवस नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा व्यापार करणारा, एक दिवस धडगावकडे बचत गटातून आमचूर विकणाऱ्या बाया. ज्यांचा धंदा बसला आणि जे सांगायला तयार आहेत, तेही. पोरांनी यावं आणि विचारावं. याला कुठल्या योजनेची मंजुरी लागत नाही.

(दृश्य: पुन्हा तेच हात. वेफर्स परातीत पसरलेले, गार होत आहेत. फोन वाजतो.)

आम्ही चित्रीकरण आवरत होतो तेव्हा तिचा फोन वाजला. पहिल्या वर्षाची कोणी मुलगी होती, चोपड्याकडची. घरच्या शेंगदाण्याची चिक्की करते, पावसाळी हवेत ती चिकट होते, म्हणून कोणीतरी हिचा नंबर दिला होता.

तिने फोन कानाला लावला, खांद्याने धरला, आणि दोन्ही हात परातीतच ठेवून म्हणाली, "गार झाल्यावर भरते का? किती वेळाने?"

(दृश्य: हात वेफर्स उलटत राहतात. पलीकडचा आवाज ऐकू येत नाही. ती बराच वेळ ऐकत राहते.)