आठ आण्यांचा रस्ता

(पहाट. झिमझिम पाऊस. चिखलातून डुलत येणारी मोटारसायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन.)

डेअरीची गाडी साडेसहाला फाट्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. वस्तीपासून फाटा उन्हाळ्यात पाच मिनिटांवर. श्रावणात अर्धा तास धरायचा, त्यातला निम्मा गाडी ढकलण्यात. शाळेची पोरं चपला हातात घेऊनच निघतात. फाट्यावरच्या हापशावर पाय धुवायचे, मग चपला घालायच्या.

ही गावची पाणंद, शेतांमधून जाणारी गावाची वाट. मराठवाड्यात, विदर्भात हिलाच पांदण म्हणतात. ती कुणा एकाची नाही, म्हणून सगळ्यांची. आणि सगळ्यांची, म्हणून दरवर्षी थोडी थोडी आत जाते. बैल होते तेव्हा नांगराचं तास जरा बाहेरून घेतलं की वीतभर रान वाढायचं. ट्रॅक्टर आल्यापासून वीतभरावर कुणाचं भागत नाही.

(टेबलावर उलगडलेला गावनकाशा. घड्यांवर चिकटपट्टी.)

गावनकाशात पाऊलवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवतात, गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं. तुटक असल्या तरी या रेषांना माप आहे, आणि ते साखळीचं आहे. जुन्या मोजणीतली साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. गुंठ्यानं जमीन आपण आजही विकतो. साखळी तेवढी विसरलो. पाऊलवाटेला चार आणे, सव्वाआठ फूट. गाडीवाटेला निदान आठ आणे, साडेसोळा फूट.

आता बांधावर या, टेप धरा. बाभळीपाशी अकरा फूट. विहिरीच्या वळणावर सात. सात फुटांतून उसाची ट्रॉली कशी काढायची, ते ड्रायव्हरला विचारा. उत्तर निवेदनात घेता येणार नाही.

निधीचं म्हणाल तर तो आहे. 2021च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पैसा मुख्यतः रोजगार हमीतून. पण रोहयोचा हिशेब 60:40 चा: शंभरातले साठ रुपये मजुरीवर, बाकी चाळिसात मुरूम, खडी, रोलर, सगळं. बांधबंदिस्तीला हे गणित जमतं. रस्त्याला मजुरी कमी आणि मुरूम फार. म्हणून दुसऱ्या कामांची मजुरी जोडायची, दुसऱ्या निधीचं ठिगळ लावायचं, आणि फाईल पंचायत समितीत हिंडत राहते.

त्याहून मोठी गोम वेगळीच. मुरुमाला पैसे आहेत, जमिनीला नाहीत. या रस्त्यांसाठी भूसंपादन होत नाही. अतिक्रमण झालेलं रान मागं घ्यायचं ते समजुतीनं, संमतीनं.

कायदा आहे, नाही असं नाही. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर 1906च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम 5. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. दोन्हींसाठी तहसीलदारांकडे जायचं. पण तिथं निकाल जिंकून आलेला माणूस घरी परततो तो त्याच बांधावरून. शेजाऱ्याची मोटर बंद पडली तर याच्याच विहिरीतून पाणी, याची गाय अडली तर तोच धावून येणार. म्हणून बहुतेक जण अर्ज खिशात ठेवतात आणि पारावर बसतात.

(पार. मोजणीचा रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, घेतलेला माणूस चालतोय, मागे फक्कीची पांढरी रेघ.)

रेघ पडते तेव्हा गाव गप्प असतं. ती कुणाच्या तुरीच्या तीन ओळींतून जाते, कुणाच्या गोठ्याच्या कोपऱ्याला घासते. गंमत म्हणजे दोन्हीकडच्यांना एकच वाटतं, रस्ता समोरच्यानं खाल्ला. नकाशा बहुधा दोघांचंही नाव घेतो.

मग काम. काळ्या रानात नुसता मुरूम टाकला तर पहिल्या पावसात जमीन तो गिळते. या मातीला पाणी लागलं की ती फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून आधी जेसीबीनं काळी माती उकरायची. ती वाया जात नाही, ज्यांचं रान रस्त्यात गेलं त्यांच्याच शेतात पडते. मग दोन्ही बाजूंना चर. मधल्या पट्ट्यावर मुरमाचा थर, पाणी, रोलर. पुन्हा थर, पुन्हा रोलर. आणि ओघळ असेल तिथं सिमेंटचे नळे. खरं भांडण या नळ्यांवरून होतं. रस्ता सगळ्यांना हवा असतो, रस्त्यावरचं पाणी आपल्या रानात कुणालाच नको असतं. नळा हातभर इकडं की तिकडं, यावर इथं दोन दिवस रोलर उभा होता.

(दसऱ्याची संध्याकाळ. पालखी, हलगी, आपट्याच्या फांद्या.)

सीमोल्लंघनाला पालखी याच वाटेनं शिवेपर्यंत जाते. मागच्या वर्षी भोई चिखलातून चालले. यंदा पायाखाली मुरूम आहे, करकर वाजतो, आणि म्हाताऱ्या बायाही शिवेपर्यंत आल्यात.

विहिरीच्या वळणावर मात्र पालखी हळू होते. तिथली संमती अजून आलेली नाही. मुरूम अलीकडं थांबतो, पलीकडं सुरू होतो. मधे चाळीसेक फूट काळी माती. भोई खांदा बदलतात, खाली बघत पावलं टाकतात. उद्या पहाटे दूधवालाही इथंच उतरेल, कॅन सांभाळत गाडी ढकलेल आणि पलीकडं जाऊन किक मारेल.